सिलिंडर अंगठ्यावर पडला, नख काळं झालं: भोक पाडायचं, नख काढायचं की तसंच ठेवायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अप्पांचं वय ५८, राहायला सोलापुरात विडी घरकुलकडे, काम अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात, दिवसभर उभं राहून. काल रात्री भरलेला गॅस सिलिंडर हलवताना हातातून निसटला आणि उजव्या पायाच्या अंगठ्यावर आला. नख अर्ध्याहून जास्त काळंनिळं झालंय, रात्रभर ठणका होता, झोप नाही. शेजारी म्हणतात सुई तापवून भोक पाडा, रक्त निघालं की मोकळं वाटेल. मामा म्हणतात नख काढूनच टाका, नाहीतर आत सडेल. अप्पांना शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. काय करावं आणि नख जाईल का?

अप्पांना आजच दाखवा. नख काळं पडलंय एवढ्यासाठी नव्हे. भरलेला घरगुती सिलिंडर साधारण तीस किलोंचा असतो (१४.२ किलो गॅस आणि जवळपास तेवढंच लोखंड), ठणका रात्रभर थांबलेला नाही आणि त्यांना शुगर आहे, म्हणून. हेच नख एखाद्या वीस वर्षांच्या पोराचं असतं, उंबऱ्याला ठेच लागून झालं असतं आणि सकाळी तो लंगडत का होईना टपरीवर चहाला गेला असता, तर मी त्याला पाय वर ठेवून घरी पड एवढंच सांगितलं असतं. मग नख पूर्ण काळं का असेना.

लोक रंगाला घाबरून येतात. ओपीडीत पहिला प्रश्न असतो, "डॉक्टर, एवढं काळं झालंय, काही करायला नको का?" रंगावरून फक्त नखाखाली रक्त साकळलंय इतकंच कळतं. पुढे काय करायचं ते चार गोष्टींवर ठरतं: ठणका किती आहे, नखाच्या कडा जागेवर आहेत का, मार लागून किती तास झाले आणि पाय कुणाचा आहे. अप्पांच्या बाबतीत शेवटची गोष्ट सगळ्यात वजनाची.

एवढ्याशा रक्ताने एवढा जीव का जातो, हे आधी समजून घ्या. नखाखालची गुलाबी गादी रक्तवाहिन्यांनी आणि संवेदनांच्या तंतूंनी गच्च भरलेली असते आणि खालच्या हाडाच्या आवरणाला थेट चिकटलेली असते. मध्ये चरबीचा थर नाही. मांडीवर मार बसला तर रक्ताला पसरायला जागा मिळते, सूज येते आणि ताण वाटला जातो. इथे वर कडक नख, खाली हाड. चार थेंब रक्त साठलं तरी अवस्था शिट्टी अडकलेल्या कुकरसारखी होते. नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर दाब वाढतो, म्हणून दुखणं सलग नसतं, ठणकतं. पाय खाली सोडला की वाढतं, उशीवर ठेवला की उतरतं. रात्री ते जास्त जाणवतं.

म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे. आडवं पडायचं आणि पायाखाली दोन-तीन उश्या किंवा गुंडाळलेल्या चादरी घालून पाय छातीच्या पातळीपेक्षा वर ठेवायचा. आपल्याकडे चादरींना काही तोटा नाही. पहिले दोन दिवस खुर्चीत पाय लोंबकळत ठेवून बसणंही टाळायचं. दुखण्यासाठी पॅरासिटॅमॉल पुरतं: ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची गोळी, गरजेप्रमाणे सहा-सहा तासांनी, यकृताचा त्रास नसेल तर. मेडिकलमधून "जरा स्ट्राँग" म्हणून मिळणाऱ्या डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनच्या गोळ्या अप्पांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. शुगर जुनी असेल तर मूत्रपिंडाला आधीच झळ लागलेली असू शकते आणि या गोळ्या त्यावर भार टाकतात. हृदयासाठी ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी चालू असेल तर तीही मनाने बंद करू नका. फक्त डॉक्टरांना सांगा, कारण अशा माणसाच्या नखाखाली रक्त जास्त साठतं.

बर्फाबद्दल थोडं सांभाळून. धडधाकट माणसाने रुमालात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं लावावा, मग तास-दोन तास विश्रांती, असं पहिल्या दिवशी चार-पाच वेळा. पण ज्यांच्या पायाला बधिरपणा आहे त्यांना बर्फाने कातडी भाजली तरी कळत नाही. अप्पांच्या पायाची संवेदना घरी पाहता येते. त्यांना आडवं करा, डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचे अंगठे, मधली बोटं आणि करंगळ्या यांच्या टोकांना तुमच्या तर्जनीने अगदी हलका स्पर्श करा, एक-दोन सेकंद. दुखरा अंगठा सोडून द्या. दाबायचं नाही, टोचायचं नाही. स्पर्श कळला की त्यांनी "उजवा" किंवा "डावा" म्हणायचं. दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर पायाची संवेदना कमी झाली आहे असं धरून चाला, बर्फ बाजूला ठेवा आणि ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा. रात्रभर ठणकलं म्हणजे संवेदना थोडीफार शाबूत आहे. त्यात समाधान आहे. मला जास्त काळजी वाटते ती सिलिंडर पडूनही "काही विशेष दुखत नाही" म्हणणाऱ्या शुगरच्या पेशंटची.

गरम पाण्याचा शेक पहिल्या दोन दिवसांत कुणालाच नको, रक्तस्राव वाढतो. बाम चोळूही नका. हळद-चुन्याचा लेप आपल्या घराघरात आहे आणि आजीच्या हातचा असेल तर नाही म्हणणं अवघड, पण चुना क्षार आहे, कातडी जाळतो. शुगरच्या पायावर त्याने झालेली जखम मूळ दुखण्यापेक्षा जास्त दिवस पुरते. नुसती आंबेहळद उगाळून लावली आणि कातडी कुठे फुटलेली नसेल तर नुकसान नाही. माझी अडचण एवढीच की तो पिवळा थर बसला की खालची लाली, निळेपणा काही दिसत नाही आणि तपासायच्या आधी अर्धा वेळ अंगठा धुण्यात जातो.

आता भोक पाडायचं. शेजाऱ्यांची कल्पना चुकीची नाही, जागा चुकीची आहे. आम्हीही हेच करतो. ठणका असह्य असेल, नख सगळीकडून जागेवर चिकटलेलं असेल आणि मार लागून एक-दोन दिवसांच्या आत पेशंट आला असेल, तर नखाला भोक पाडून साठलेलं रक्त बाहेर काढतो. नखात स्वतःत संवेदना नसते, त्यामुळे बहुतेक वेळा भुलीचं इंजेक्शनही लागत नाही. अंगठा बीटाडीनने स्वच्छ करायचा, मग कॉटरीच्या (डाग देण्याच्या उपकरणाच्या) तापलेल्या टोकाने किंवा १८ नंबरच्या जाड सुईने, ती दोन बोटांत हळूहळू फिरवत, काळ्या भागाच्या मध्यावर छिद्र करायचं. नख पार झालं की अडसर सुटल्याचं हाताला कळतं आणि तिथेच थांबायचं असतं. गडद रक्त आपोआप बाहेर येतं. चेहऱ्यावरचा ताण काही मिनिटांत उतरलेला दिसतो. छोट्या शस्त्रक्रियांमध्ये इतका लगेच दुवा मिळवून देणारं काम फार थोडं आहे. छिद्र बारीक राहिलं तर रक्त पुन्हा साकळून ते बुजतं, म्हणून थोडं मोठं किंवा दोन ठिकाणी करतो. नंतर एक-दोन दिवस थोडं रक्त पाझरत राहतं, त्याला घाबरायचं नाही. वर कोरडं, स्वच्छ ड्रेसिंग. पाय बादलीत बुडवून बसायचं नाही.

हेच घरी का नको? गॅसवर तापवलेल्या सुईवर काजळी बसते आणि ती निर्जंतुक राहत नाही, हे एक. कुठे थांबायचं हे हाताला माहीत नसतं, सुई गादीत घुसते, हे दुसरं. आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं: तीस किलोंच्या माराने खाली हाडाचं टोक मोडलेलं असू शकतं. हाड मोडलेलं असताना वरून अस्वच्छ वाट करून दिली तर जंतू थेट हाडापर्यंत पोचतात. हाडात पू झाला की तो दिवसांत नाही, महिन्यांत बरा होतो. शुगर असेल तर कधी कधी अंगठ्यावर बेतते. हल्ली मुली नखांवर जेल किंवा ॲक्रिलिक लावतात, त्यांच्यासाठी जाता जाता: तापलेल्या टोकाने असं नख पेट घेऊ शकतं, आणि नेलपॉलिश काढायच्या द्रवाची बाटलीही जवळ उघडी नको. डॉक्टरांनाही आधी सांगा.

दोन दिवस उलटून गेले की आतलं रक्त घट्ट होतं आणि भोक पाडूनही फारसं काही येत नाही. तोवर ठणकाही बहुधा ओसरलेला असतो. म्हणजे दुखत नसेल तर फक्त काळं दिसतं म्हणून भोक पाडू नये. अप्पांची पहिलीच रात्र गेली आहे, म्हणून वेळ अजून हातात आहे आणि म्हणूनच आज.

मामांचा सल्ला मात्र मला अजिबात मान्य नाही. आत सडत वगैरे काही नाही. बंद नखाखालचं रक्त साधारणपणे जंतुविरहित असतं, ते हळूहळू वाळतं आणि नखाबरोबर पुढे सरकतं. नख काढून टाकलं की उघडी पडलेली गादी कितीतरी जास्त दुखते, मोजा चिकटतो, धूळ बसते. शिवाय हाड मोडलं असेल तर वरचं नख हेच त्याचं फळी बांधल्यासारखं संरक्षण असतं. मामांना दोष देत नाही, कारण एके काळी आमच्याकडेही शिकवण अशीच होती: अर्धं नख काळं झालं की नख उचलायचं आणि खालची गादी फाटली असेल तर टाके घालायचे. नंतर दिसून आलं की नख आणि त्याच्या कडा शाबूत असतील तर नुसतं रक्त काढून दिलेल्यांचा निकालही तितकाच चांगला येतो. त्यामुळे आता नख उचलायची कारणं मोजकीच राहिली आहेत: नख मुळातून निसटून कातडीच्या घडीच्या वर आलेलं असणं, नख फाटून किंवा तुटून कड उघडी पडणं, रक्त न थांबणं, बोट वाकडं दिसणं. अशा वेळी बोटाला भूल देऊन गादी शिवतात आणि स्वच्छ केलेलं तेच नख पुन्हा घडीखाली सरकवून झाकण म्हणून बसवतात. म्हणून नख पूर्ण निघून आलं असेल तर टाकू नका, ओल्या स्वच्छ कपड्यात गुंडाळून सोबत आणा.

एक्स-रे अप्पांचा काढावाच लागेल. वजनदार वस्तू पडणं, पायावर भार टाकता न येणं, नखामागच्या सांध्यात दुखणं, यातलं काहीही असलं तर काढतोच. मोडलं असलं तरी घाबरायचं कारण सहसा नसतं. अगदी टोकाचं हाड मोडलं तर प्लास्टरची गरज बहुतेक वेळा पडत नाही. कडक तळाची चप्पल किंवा बूट आणि तीन ते सहा आठवडे जपणं एवढ्यावर भागतं. फट सांध्यापर्यंत गेली असेल तर हाडांच्या डॉक्टरांचं मत घ्यायचं, कारण चालताना जमीन मागे ढकलायचं काम अंगठाच करतो. हाड मोडलंय आणि नखाजवळ कातडीही फाटली आहे, असं दोन्ही असेल तर ती उघडी जखम समजून धुवावी लागते आणि अँटिबायोटिकही द्यावं लागतं. नख शाबूत असेल तर अँटिबायोटिकचा कोर्स उगाच घेऊ नका, मेडिकलवाल्याने पुढे केला तरी.

धनुर्वाताचं इंजेक्शन कातडी कुठेही फुटली असेल तर विचारात घ्यायचं. मळलेली जखम आणि शेवटच्या डोसला पाच वर्षांहून जास्त झाली असतील तर घ्या. स्वच्छ, किरकोळ जखमेला दहा वर्षं चालतात. कधी घेतलं आठवत नसेल, आणि बहुतेकांना आठवत नाही, तर घेतलेलं बरं. पूर्वीच्या टीटीच्या जागी आता टीडी मिळतं, त्यात घटसर्पाचंही संरक्षण असतं.

लहान मुलांचं वेगळं सांगतो, कारण हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी घरात अनवाणी पळणारं पोर असणारच. मुलांच्या बोटाच्या हाडात नखाच्या मुळाजवळच वाढीची पट्टी असते. ठेच लागून किंवा दारात बोट सापडून ती पट्टी सरकली तर नखाचं मूळ घडीबाहेर येतं, आणि दुसऱ्या पायाच्या तुलनेत ते नख लांब झाल्यासारखं दिसतं. मुळाशी रक्त असतं. बाहेरून ही साधी नखाची जखम वाटते, प्रत्यक्षात ते उघडं फ्रॅक्चर असतं. त्याच दिवशी दाखवा. पट्टी बांधून चार दिवस वाट पाहिलेल्या मुलांमध्ये हाडात पू होण्याचा आणि बोटाची वाढ खुंटण्याचा धोका असतो.

पुन्हा अप्पांकडे. पुढचे दोन आठवडे त्यांच्या पायाकडे रोज कुणीतरी बघायला हवं आणि ते काम घरच्यांनी करायचं, त्यांच्यावर सोपवायचं नाही. उभ्याने काम करणारी आपली माणसं दुखणं अंगावर काढण्यात तरबेज असतात. तिसऱ्या दिवसापासून दुखणं उतरायला हवं. ते उलट वाढायला लागलं, लाली अंगठ्यावरून पावलाकडे सरकली, पू किंवा वास आला, ताप आला किंवा नखाच्या आजूबाजूची कातडी काळी-करडी पडली, तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. रात्र असली तर सिव्हिलला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. पाऊल थंड लागत असेल, चालताना पोटरी भरून येत असेल किंवा ते विडी ओढत असतील, तर पायाचा रक्तपुरवठाही तपासून घ्या. रक्त पोचत नसेल तर कितीही चांगलं ड्रेसिंग केलं तरी उपयोग नाही. याच निमित्ताने तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणीही करून टाका.

कामावर जाण्याची घाई नको. जेव्हा जातील तेव्हा पुढून रुंद, बंद आणि कडक तळाचे बूट हवेत. कारखान्यात बीम (सुताचा जड रूळ) पडणं, चाक पायावरून जाणं हे नेहमीचं आहे आणि आपल्याकडे निम्मे कामगार स्लिपरवर असतात. घरातही अनवाणी नको. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं तेव्हा ओल्या फरशीवर भरलेल्या घागरी आणि बॅरल सरकवताना होणारे अंगठ्याचे अपघात सिलिंडरपेक्षा कमी नाहीत.

नख जाईल का? अर्ध्याहून जास्त काळं झालेलं आहे, त्यामुळे बहुधा जाईल, पण आज नाही. काही आठवड्यांत ते मुळाशी सुटायला लागेल आणि खालून नवं नख त्याला ढकलेल. सुटलेला भाग तेवढा कापत राहायचा, चिकटलेला ओढायचा नाही. मोज्यात अडकत असेल तर वरून चिकटपट्टी लावायची. गळून पडलं तर उघड्या जागेवर थोडं व्हॅसलीन आणि हलकी पट्टी. आठ-दहा दिवसांत ती जागा टणक होते. पायाचं नख महिन्याला दीड मिलिमीटरच्या आसपास वाढतं, हाताच्या नखाच्या साधारण निम्म्या वेगाने, म्हणून अंगठ्याचं पूर्ण नख यायला वर्ष ते दीड वर्ष लागतं. पहिलं नख पातळ, लहरी उमटलेलं येऊ शकतं, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. मुळालाच इजा झाली असेल तर ते कायमचं जाड किंवा दुभंगलेलं राहतं. पुढे येताना कडा मांसात रुतू नयेत म्हणून सरळ कापा, कोपरे गोल करू नका. मार खाल्लेल्या नखात बुरशीही लवकर शिरते. पिवळं, भुसभुशीत दिसायला लागलं तर दाखवा.

काही जणांची नखं मार न लागताच काळी होतात. आषाढी वारीत नातेपुते, माळशिरस, वेळापूर करत पंढरपूरला पोचलेल्या वारकऱ्यांचे अंगठे बघा, किंवा लांब पळणाऱ्या पोरांचे. बूट पुढे आखूड पडतो, पाय उतारावर पुढे घसरतो आणि नख हजारो वेळा थोडं थोडं आपटतं. ठणका नसतो. तिथे सुई कशाला, बूट बदला: सगळ्यात लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहायला हवी.

पण मार नाही, बूट घट्ट नाही आणि तरी एकाच नखात काळा डाग किंवा पट्टा आहे, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं आणि मुळाकडे स्वच्छ नख दिसायला लागतं. दोन-तीन महिन्यांतही जे मुळापासून हलत नाही, रुंद होत जातं किंवा मुळाजवळच्या कातडीवर उतरतं, ते क्वचित का होईना पण मेलॅनोमा नावाच्या कर्करोगाचं असू शकतं आणि तो पायाच्या अंगठ्यात होतो. आपल्या सावळ्या वर्णात अनेक नखांवर बारीक तपकिरी रेघा असणं मात्र सर्वसाधारण आहे. अप्पांच्या नखाचा आज मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि दर महिन्याला एक काढा, म्हणजे डाग सरकतोय की नाही यावर घरात वाद व्हायचा नाही.

आज जाताना शुगरची फाइल, चालू गोळ्यांच्या पट्ट्या आणि सैल चप्पल सोबत घ्या. दुखरा पाय उजवा आहे, तेव्हा अप्पा "मीच येतो गाडीवर" म्हणाले तरी ऐकू नका. किक तुम्ही मारा, ते मागे बसतील.